दहावी मात्रा

"हा म्हातारा ठेवायचा की काढायचा?" निएवेसनं विचारलं आणि तेवढाच तुकडा पुन्हा वाजवला.

माझा पियानो, ओस्वाल्दोचा बास, लोलोची लाकडी खोक्यावरची थाप आणि या सगळ्यांच्या वर एका म्हाताऱ्याची खरखरीत, दणदणीत दाद, 'ओले'. ध्वनिमुद्रण करणारी निएवेस माद्रिदची. तो म्हातारा माझा बाप आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

"काढ," मी म्हणालो. "चुकीच्या जागी पडलाय."

ओस्वाल्दो खिडकीशी कॉफी ढवळत होता. मूळचा क्यूबाचा, पण वीस वर्षं आमच्या कादिसमध्ये काढलेला माणूस. "चुकीच्या जागी कोण होतं, भाऊ?" त्यानं मान वर न करता विचारलं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

बाबांनी एकतीस वर्षं गोदीत जहाजांचे पत्रे ठोकले. कान तिथेच गेले. कानातलं यंत्र बहुतेक वेळ शर्टाच्या खिशात असतं. त्यातून मासे तळल्याचा आवाज येतो म्हणतात. पण तालासाठी त्यांना कान लागतच नाहीत, तो हाडांतून कळतो. माझे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते, तेव्हा त्यांनी जेवणाच्या टेबलावर मुठीची हाडं आपटून मला बुलेरिया हा फ्लामेंकोतला ताल शिकवला. मात्रा बारा, पण तोड, म्हणजे तुकडा जिथे मिटतो ती जागा, दहावीवर. दादही तिथेच द्यायची. अवेळी ओले म्हणणाऱ्याला आमच्याकडे लोक परगावचा समजतात.

आमच्या मोहल्ल्यातल्या फ्लामेंको मंडळाच्या हॉलमध्ये शनिवारी आणि रविवारी दुपारी तबकडीसाठी वाजवायचं आणि दोन्हींतलं चांगलं ते निवडायचं, असं ठरलं होतं. शनिवारी बाबा लग्नातला कोट घालून आले. त्यांचे बूट रंगमंचाच्या फळीला टेकतील अशी पहिल्या रांगेतली खुर्ची मीच लावली होती.

सहाव्या चिजेत आम्ही बुलेरियातून क्यूबन चालीत शिरायचो आणि फिरून परत यायचो. परत येताना मी घसरलो. दोन मात्रा मागे. क्षणभर तिघांची तोंडं तीन दिशांना झाली, आणि नेमक्या दहाव्या मात्रेवर बाबांनी ओले दिला. लोलो आणि ओस्वाल्दोनं तो धरला आणि तोड घेतली. मी त्यांच्या मागून कसाबसा पोचलो.

लोकांना दिसलं ते एवढंच, की पियानो चालू असताना एक म्हातारा मध्येच ओरडला. "आजोबांची बॅटरी संपली वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं. दोन रांगा हसल्या. आणि पियानोवर बसल्या बसल्या मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. चुकण्याची तेवढी नाही वाटत.

कार्यक्रम संपल्यावर बाबांनी विचारलं, "जमलं ना रे, चानो?"

"जमलं. पण बाबा, उद्या नका येऊ. गर्दी असते, उगाच त्रास."

"बरं," ते म्हणाले. "तसंही माझं काम आज झालंय."

रविवारी मी क्यूबन चालीतून बुलेरियात वेळेवर परतलो. निएवेसनं रविवारचा तेवढा तुकडा कापून शनिवारच्या जागी बसवला. सांधा कुठे कळतसुद्धा नाही. तबकडीच्या वेष्टनावर छापलंय, 'श्रोत्यांसमोर, जसं वाजलं तसं.'

तबकडी आली त्या दुपारी बाबांनी गोदीतल्या जुन्या सोबत्याला, हेनारोला, जेवायला बोलावलं. या तबकडीत आपण आहोत हे बाबांनी कोपऱ्यावरच्या बारमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. हेनारो कागदात गुंडाळलेले तळलेले मासे घेऊन आला. बाबांनी यंत्र कानात घातलं, डावा तळवा स्पीकरच्या खोक्यावर ठेवला आणि उजव्या मुठीनं टेबलावर मात्रा धरली.

"आता ऐक हं," सहावी चीज लागल्यावर ते म्हणाले.

सात. आठ. नऊ. दहावीला मूठ पडली आणि त्यांचं बोट वर गेलं. पियानो स्वच्छ तोड घेऊन पुढे निघून गेला.

"कुठाय?" हेनारो म्हणाला. "घशात काटा अडकला होता काय तुझ्या?"

"पार मागे बसलो होतो रे," बाबा म्हणाले. "तिथवर माईक कुठला पोचायला."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. तेव्हा बोलता आलं असतं. मी माशाचा काटा काढत बसलो.

हेनारो गेल्यावर मी ताटल्या धूत होतो. बाबा मागे येऊन उभे राहिले.

"त्या दिवशी मला वाटलं, तू दोन मात्रा मागे आलास. म्हणून आवाज दिला, तुम्हाला धरायला काहीतरी असावं म्हणून. पण यात तर तू बरोबर आहेस. म्हणजे मीच चुकलो. लोक उगाच नव्हते हसत."

नळ चालू होता. "असू दे, बाबा," मी म्हणालो.

दर रविवारी मी अजून त्यांच्याकडे जेवायला जातो. रेडिओवर बुलेरिया लागते. माझी बोटं आपोआप टेबलावर पडतात. बाबांचे दोन्ही हात मांडीवर असतात.