दसऱ्याचा कॉम्प्युटर

“आता हात नको लावू हां त्याला,” मालन लेकीला म्हणाली आणि पाटाभोवती रांगोळीची शेवटची रेघ ओढली.

ऋतिका बेडरूमच्या दारात थांबली. पुढे हॉल, आणि हॉलमध्ये पाटावर तिचा कॉम्प्युटर. काळा, एका बाजूला काच असलेला, झेंडूची माळ घातलेला. मदरबोर्डपासून पंख्यापर्यंत त्यातला प्रत्येक स्क्रू तिने स्वतः पिळला होता. पण आज दसरा होता आणि नेमकी पहाटे तिची पाळी आली होती. त्यामुळे कालपर्यंत जो तिचा होता, त्याला आज तिने शिवायचं नव्हतं.

ऋतिका एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. उजाडायच्या आत स्कूटी काढायची आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या हातातल्या दडून बसलेल्या शिरा शोधायच्या. परक्याचं रक्त काढलं की पगार मिळतो, स्वतःचं आलं की विटाळ होतो. हे ती घरात एकदाच बोलली होती. मालनने आठवडाभर अबोला धरला, तेव्हापासून तिने तो विषय सोडून दिला.

तिला कॉम्प्युटर कशाला हवा होता, हेही घरात कोणाला धड कळलं नव्हतं. गेम खेळायचे ते सिद्धेशने, तिच्या धाकट्या भावाने. पण ऋतिकाला एकच गेम खेळायचा होता, ट्रक चालवायचा. परक्या देशातले लांबलचक मोकळे रस्ते, बाजूला शेतं, मागून कोणी हॉर्न मारत नाही आणि पोचल्यावर कोणाला सुई टोचायची नाही. फोनवर तो नीट चालत नसे. म्हणून भिशी लागली तेव्हा बांगड्या करायच्या सोडून तिने सुटे भाग आणले. मालनच्या मते स्थळं येत नव्हती ती याच अकलेमुळे.

नवल केलं ते दशरथने. तिचा बाप कांजूरमार्गच्या एका कारखान्यात लेथवर होता, कारखाना बंद पडेपर्यंत. तेव्हापासून तो घरात बसून टीव्हीवर आणि बायकोवर चिडायचा. पण ऋतिकाने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून खोके उघडले, तसा तो खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला. प्रोसेसर बसवून वरची खिट्टी दाबताना कर्र आवाज झाला आणि ऋतिकाचा हात थबकला. सिद्धेश सोफ्यावरून म्हणाला, “वाट लावणार तू. दुकानवाल्याकडून करून घे ना यार.” दशरथने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला म्हणाला, “जोर नको करू. नुसतं वजन दे.”

तिने वजन दिलं आणि खिट्टी जागेवर बसली.

त्या संध्याकाळी दशरथ खाली गेला आणि त्याच्याबरोबर लेथवर असलेल्या मार्तंडला त्याने अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “पोरीन एकटीन जोडल्यान. हात माझो आसा तिचो.” ऋतिका वर खिडकीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. तिच्या दहावीच्या निकालाला, नोकरीच्या पहिल्या पगाराला, कशालाही हा माणूस असं बोलला नव्हता. तिने त्याच दोन टॉवेलांच्या पुन्हा पुन्हा घड्या घातल्या.

म्हणूनच, सगळं जोडून तयार असताना दशरथ म्हणाला की यंत्र पूजेशिवाय चालू करायचं नाही, दसऱ्यापर्यंत थांब, तेव्हा ती थांबली. कारखान्यात दसऱ्याला लेथ धुऊन पुसून त्याला गंध, अक्षता, फूल, नारळ असं सगळं व्हायचं. त्या दिवशी साहेबसुद्धा लेथला हात जोडायचा. दशरथला तो दसरा घरात परत हवा होता, हे तिला कळत होतं. तिने फक्त बजावलं होतं की पाणी अजिबात नको, गंध लावायचं ते बाहेरून. दशरथला राग आला होता. मशीनवर जन्म गेलेल्या माणसाला ही सांगणार!

आता तो सोवळं नेसून पाटासमोर बसला. दर्शनाला यंत्र उघडं हवं म्हणून त्याने काच काढून ठेवायला लावली होती. मागची वायर सिद्धेशने लावली. पहिलं बटण कोणी दाबायचं, हे कोणी विचारलं नाही. ऋतिका दारात होती आणि घरात मुलगा होता.

गंध बाहेरून लागलं. अक्षताही बाहेरच पडल्या. ऋतिकाला जरा बरं वाटलं. मग दशरथ डोळे मिटून पुटपुटायला लागला, आणि पुटपुटता पुटपुटता त्याच्या हाताने फुलपात्रातल्या हळदीच्या पाण्यात झेंडूचं फूल बुडवलं आणि शिंपडलं. एकदा पाटावर, एकदा कॉम्प्युटरवर, जन्मभर लेथवर शिंपडलं तसं.

“बाबा, पाणी!” ऋतिका ओरडली. सिद्धेशचं बोट तोवर बटणावर होतं.

पंखे अर्धवट फिरले. चट आवाज झाला, जळका वास आला आणि पंखे थांबले.

मग सिद्धेशने वायर काढली आणि म्हणाला, तरी मी सांगत होतो. मालन म्हणाली, आज विटाळात दारात उभी राहिली, दुसरं काय होणार. आयुष्यात स्वतःचा चहाचा कप उचलून ठेवला नाही त्या दशरथने ते फुलपात्र उचललं, आत नेलं, मोरीत ओतलं आणि पालथं घातलं. परत येऊन तो कॉम्प्युटरकडे पाठ करून बसला.

“बाबा, तुम्ही पाणी शिंपडलंत,” ऋतिका म्हणाली.

“कसला पाणी?”

“फुलाने. आत्ता.”

“मी मशीनवर जन्म काढलाय,” दशरथ म्हणाला. “वायर उलटी लावली असशील. बघ जरा.”

ऋतिकाने आईकडे पाहिलं. मालनने सगळं बघितलं होतं. ती खाली वाकून रांगोळी सारखी करायला लागली. ऋतिकाला वाटलं, दोन पावलं पुढे टाकावीत आणि ओल्या मदरबोर्डवरची पिवळी रेघ सगळ्यांना दाखवावी. पण तिला रडू येत होतं, आणि या लोकांसमोर तिला रडायचं नव्हतं.

दुपारी मार्तंड सोनं द्यायला आला. आल्या आल्या त्याने विचारलं, “काय रे दशरथा, लेकीचं मशीन झालं काय चालू?”

दशरथने दारातल्या ऋतिकाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

“कसला चालू होता? कायतरी उलटासुलटा जोडल्यान,” तो हसत म्हणाला. “पोरींचा काम न्हय ता.”

मार्तंडही हसला. मालनने त्याच्यापुढे करंज्या ठेवल्या. बोलणं मालाडला कोणाला तरी मिळालेल्या नव्या फ्लॅटवर गेलं.

तो गेल्यावर दशरथ आपट्याची पानं घेऊन उठला. सिद्धेशला दिलं, मालनला दिलं, मग बेडरूमच्या दाराशी आला. त्याच्या अंगठ्यावर आणि दोन बोटांवर हळद सुकली होती. ऋतिकाने हात पुढे केला. शिवाशीव नको म्हणून त्याने पान वरून सोडलं. ते तिच्या तळहाताला लागून खाली, उंबऱ्यावर पडलं.

“सोन्यासारखी रव,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

ऋतिका वाकली आणि तिने पान उचललं. सण होता, वडील समोर उभे होते. पण आज त्यांच्या पाया पडायची गरज नव्हती. विटाळाचा तेवढा एक फायदा होता.