शेंदराखालचा बूस्टर

मित्रांनो, मी एक जुना बूस्टर आहे. नाव ऐकून काही कळले नसेल तर लाजू नका. मी ट्रकच्या पोटाखाली चिखल खात बसलेला असतो, तिथे वाकून बघायला कोणाला वेळ आहे? माझ्या शेजारचे लोखंड गाडी उभी राहिली की निवांत होते. मला मात्र चैन पडत नाही. गाडी झाडाखाली उभी असली तरी माझ्या मनात पुढचा उतार सुरू असतो.

माझे काम सांगतो, म्हणजे माझी तगमग कळेल. ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवतो, पण एवढ्या अवजड गाडीला नुसता पाय काय थांबवणार? मग टाकीतली दाबलेली हवा माझ्यात शिरते, माझा दट्ट्या पुढे सरकतो आणि मी नळीतले तेल जोराने रेटतो. चाके थांबतात. पाय उचलला की ती हवा मी खालच्या भोकातून बाहेर सोडतो. फुस्स! तो माझा उच्छ्वास. ती हवा आतच अडकली तर चाके पुरती मोकळी होत नाहीत.

माझा जन्म कारखान्यातला, पण वळण लागले ते फौजेत. माझा हिरवा ट्रक डोंगरातल्या रस्त्यांवर जवान आणि रसद वाहत असे. एक हवालदार रोज टाकीखालचा नळ उघडून साचलेले पाणी काढी आणि माझे भोक पुसून मोकळे करी. गाडी जागची हलली नसली तरी त्याचा नेम चुकत नसे. मला वैताग येई. काल तर पुसलेस, आज पुन्हा कशाला, असे मी मनात चडफडत असे. कौतुकाचा शब्द त्याने कधी काढला नाही. तो फक्त पुसत राहिला.

मग ट्रक म्हातारा ठरला आणि लिलावात निघाला. तो घेतला इंझोरीकडच्या एका तांड्यावरच्या लालसिंगने. लालसिंग स्वतःच गाडी चालवी. हंगामात सोयाबीन आणि तूर मंगरूळपीरच्या बाजारात न्यायची, आणि दिवाळी झाली की तांड्यावरची कुटुंबे ऊसतोडीला पोचवायची, असा त्याचा क्रम होता. हिरवा रंग उडाला, टपावर पिवळी नक्षी आली. मला नवे घर आवडले. खोटे कशाला बोलू, पहिल्या दिवसापासून आवडले.

एकदा बाजारातून परतताना वळणावर अचानक शेळ्यांचा कळप आडवा आला, आणि कळपामागे लालसिंगची बायको रुपाबाई. लालसिंगने ब्रेक दाबला. मी होते नव्हते तेवढे बळ लावले. ट्रक रुपाबाईपासून हातभर अंतरावर थांबला. लालसिंग उडी मारून खाली उतरला. गाडीखालच्या डब्यानेच आज तुला वाचवले, असे त्याने तिला सांगितले.

झाले! रुपाबाईने नारळ फोडला, ट्रकखाली शिरून मला तेलात कालवलेला शेंदूर फासला आणि हात जोडले. मित्रांनो, मी लोखंडाचा खरा, पण फुगलो. चिखलात पडलेल्याला कोणी देव म्हटले तर कोण फुगणार नाही? तेव्हापासून दर दसऱ्याला शेंदराचा नवा लेप चढू लागला. रुपाबाईचा हात मोठा सढळ. वर, बाजूला, खाली, कुठेच कोरडे ठेवायची नाही.

तुम्हाला ठाऊक असेल, देवावरचा शेंदूर कोणी खरवडत नाही. थरावर थर चढतात आणि कधीतरी त्याचे कवच आपोआप गळते, तेव्हा ते नदीत सोडतात. रुपाबाईने तोच नेम मला लावला. कामरगावचा मिस्त्री अश्वजित एकदा मला उघडून साफ करायला निघाला, तर देवाला पाना लावू नको, असे तिने त्याला बजावले. लालसिंगनेही तिच्याच बाजूने मान हलवली. त्यानंतर मला कोणी हात लावला नाही. हात जोडायला मात्र सगळे येत.

माझे भोक थोडे थोडे बुजत गेले. आधी फुस्सचे फुस झाले, मग नुसती सूं. आत अडकलेली हवा मला बसू देईना, उठू देईना. रात्रंदिवस मी तळमळत होतो. भक्त समोर आणि देव गुदमरलेला, असा सगळा प्रकार. ओरडायचे म्हटले तर देवाला तोंड कुठे असते?

यंदा दिवाळीनंतर ट्रक पुन्हा ऊसतोडीला निघाला. मागे वळकट्या, भांडी, कोयते, आणि त्यांत दाटीने बसलेली माणसे. रुपाबाईची मुलगी निता तान्ह्या बाळाला घेऊन त्यांतच होती. रुपाबाई पुढे लालसिंगजवळ बसली होती. दर ब्रेकला माझ्यात हवा येत होती, पण सगळी जात नव्हती. चाके अर्धवट पकडलेली राहिली. चाकांतले ब्रेकचे ड्रम तापू लागले. पुढे मोठा उतार होता, आणि असे भाजलेले ब्रेक उतारावर दगा देतात. मला ते कळत होते आणि मी काहीच करू शकत नव्हतो. त्या रस्त्याने माझ्या जिवाला घोर लावला.

कामरगावात शिरताना मागच्या चाकातून धूर निघाला. लालसिंगने गाडी अश्वजितच्या गॅरेजसमोर लावली. अश्वजित खाली शिरला, मला बघून त्याने कपाळावर हात मारला आणि शेंदूर काढावा लागेल म्हणाला. रुपाबाई ऐकेना. लेक आणि नातू मागे बसलेत, आजच देवाला दुखवू का, असे तिचे म्हणणे. ऊसतोडीच्या मुकादमाचे फोन येत होते, म्हणून लालसिंगला घाई. त्याने तोडगा काढला.

"ब्रेक ढिले करून दे, चाकं फिरतीन. मी सांभाळून नेतो."

माझा दट्ट्या थरारला. ढिले ब्रेक घेऊन त्या उतारावर!

अश्वजितने पाना खाली ठेवला. "लालसिंगभाऊ, ते काम मी करत नाई," तो म्हणाला. मग रुपाबाईकडे वळला. "मावशी, इकडं या. इथं हात धरा."

रुपाबाई पदर खोचून ट्रकखाली आली. तिने माझ्या भोकाखाली तळहात धरला. लालसिंगने ब्रेक दाबला, सोडला. तिच्या हाताला काहीच लागले नाही.

"इथून श्वास सोडते हे," अश्वजित म्हणाला. "तुमी त्याचं नाक बुजवलं."

रुपाबाईने हात मागे घेतला. मग बाहेर जाऊन तिने बोचक्यातून उलथणे काढले. अश्वजितने हात पुढे केला, पण तिने ते दिले नाही. ती स्वतःच आडवी झाली. ती शेंदूर खरवडू लागली. खपल्या ती पदरात झेलत होती.

"देव असशील तर राग धरू नको," ती मला म्हणाली. "अन् नसशील तर नीट काम कर. माई निता हाय मांगं."

शेवटची खपली निघाली आणि माझा कोंडलेला श्वास सुटला. लाल भुकटी तिच्या तोंडावर उडाली. खाली उतरून बाळाला घेऊन वाकलेली निता आईचा तो अवतार बघून हसली. रुपाबाई हसली नाही. तिने भोकाखाली पुन्हा तळहात धरला आणि लालसिंगला ब्रेक दाबायला सांगितले. फुस्स. पुन्हा दाबायला सांगितले. फुस्स.

ड्रम निवल्यावर अश्वजितने मला उघडून पुसले, चाकांतले झिजणारे लायनर तपासले, ब्रेकचे तेल बदलले. मग गाडी निघाली. उतार आला. लालसिंगने दाबले तसे मी धरले, सोडले तसे सोडले. मागे निताचे बाळ झोपले होते, ते जागे झाले नाही.

आता मला कोणी हात जोडत नाही. रुपाबाई दर मुक्कामाला ट्रकखाली वाकते, माझे भोक कापडाने पुसते आणि तळहात धरून माझा श्वास तपासते. मित्रांनो, ज्याच्या भरवशावर तुमची माणसे निघाली आहेत, त्याच्या पाया नंतर पडा. आधी वाकून बघा, तो श्वास घेतोय ना.