शेपू कुठला, बडीशेप कुठली

"अहो, देवाने नाक दिलंय ना? मग भिंगातून काय बघताय?" बायको दारातून म्हणाली.

निवृत्त ग्रंथपाल गॅलरीत दोन कुंड्यांपुढे उकिडवे बसले होते. एकीत शेपू, एकीत बडीशेप. कुठल्या कुंडीत काय, हे त्यांनी शाईच्या पेनाने चिठ्ठ्यांवर लिहिले आणि स्वतःच पाणी घालून धुऊन टाकले. जन्मभर पुस्तकांवर क्रमांक चिकटवणाऱ्या माणसाचा हा पराक्रम! पाने दोन्हीकडे केसासारखी बारीक. वास त्यांना येत होता. पण स्वतःच्या नाकापेक्षा त्यांचा छापील मजकुरावर जास्त भरवसा.

"शेपूचा देठ एकच असतो म्हणे, आतून पोकळ. पान निळसर. हे निळसरच दिसतंय, पण चष्मा जुना..."

"धन्य आहे तुमची!" ती हसली, आणि हसता हसता तिचे बोट स्वतःच्याच नाकाला लागले.

नाकाची थट्टा आता तिच्यावरच उलटत होती. चार महिन्यांपूर्वीच्या तापात तिला वास येईनासा झाला. दूध करपले तरी कळेना, जेवण कागदासारखे लागे. उग्र वास रोज हुंगा, डॉक्टर म्हणाले होते. तिला शेपूचा भारी तिटकारा. आयुष्यभर तो घरात आला नव्हता. म्हणूनच ग्रंथपालांनी तो लावला. रोप हलवले तर रुसते, हे वाचून बी थेट कुंडीतच पेरले, दिवसभर उन्हात ठेवले.

त्यांनी देठ मोडला. पोकळ होता. पाने चुरगळून तिच्या नाकाशी धरली. रोजच्यासारखे "काही नाही" ऐकायची तयारी ठेवून.

"शी! लांब करा ते!"

ग्रंथपाल चपापले. आपले मन राखायला तर म्हणत नसेल?

"डोळे मीट बघू." त्यांनी शेजारच्या कुंडीतली पाने चुरगळली.

"ही बडीशेप. गोड आहे. मघाचा शेपू." तिने डोळे उघडले. "आता तरी पटलं? की पुस्तकात बघून येता?"

"नको. पटलं," ते म्हणाले. हे त्यांनी इतक्या झटकन म्हटले, की दोघांनाही हसू फुटले.

मग ती घरात गेली. साबण हुंगला. काडी ओढून विझवली. "अहो, तुमची पुस्तकं किती कुबट झालीत!" आतून आवाज आला.

ग्रंथपाल मातीचे हात तसेच घेऊन उभे राहिले. आत एकेक कपाट उघडत होते, आणि ती कुठलेच बंद करत नव्हती.