गव्हाणीवरचं तोंड

गव्हाणीच्या कडेवर पाय देऊन विरेशनं स्वतःचं तोंड खिळ्यावरून उचललं, आणि खाली बसलेल्या आत्याच्या हातातली धार तुटली.

“ठिव,” चन्नम्मा आत्या म्हणाली. “हाय तितं ठिव.”

त्यानं ते परत अडकवलं. म्हशीनं वर पाहिलं, एक कान हलवला, आणि चरवीत पुन्हा आवाज सुरू झाला. त्यानं उचललं. आवाज बंद. तिसऱ्यांदा करून बघावंसं त्याला वाटलं, पण आत्याचा चेहरा बघून तो चित्र बगलेत घेऊन मुकाट खाली उतरला.

चित्र तीन फूट बाय चार फूट होतं. तैलरंग. नाव ‘तुच्छ’. पुण्यात आठ महिने आरशासमोर बसून विरेशनं स्वतःलाच रंगवलं होतं. त्यातला विरेश समोरच्याकडं असा बघत होता, की समोरच्यानं जन्माला आल्याबद्दल माफी मागावी आणि ती त्याला मिळू नये. खोली सोडताना त्यानं हे चित्र लोहाऱ्याला आणून घरच्या कपाटामागं ठेवलं होतं. घरच्यांना कला कळत नाही, कपाटाला निदान कळत असल्याचा आव तरी आणता येत नाही, असं त्याचं मत होतं.

अकरा प्रदर्शनांनी ते परत केलं होतं. बाराव्यानं घेतलं. हेही गेलं, तर विरेशनं ब्रश ठेवून बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा, असं त्याच्या वडिलांनी, अप्पांनी, ठरवलं होतं. अप्पांचं ठरलेलं घरात पावसासारखं नसे, ते वेळेवर येई. उद्या संध्याकाळी चित्र पुण्याच्या गॅलरीत हवं होतं आणि आज सहाच्या आत चित्रामागची भूमिका, दोनशे शब्दांत. तीन आठवड्यांत त्यातले सात शब्द झाले होते : ‘हे चित्र प्रेक्षकाला काहीही देऊ इच्छित नाही.’

आणि आज दुपारी कपाटामागं बघितलं तर नुसती धूळ होती. माकणीच्या आत्यानं नेलं, असं अप्पांनी जेवता जेवता सांगितलं.

झालं होतं असं, की व्यायल्यापासून चन्नम्माची म्हैस पान्हा चोरत होती. तिला नजर लागली होती. कुणाची, यावरही वाद नव्हता. शेजारच्या इरम्माची, आणि हे इरम्मालाही मान्य होतं. काळी बाहुली झाली, लिंबं झाली, बिब्बा झाला, जुनी चप्पल झाली, स्वामींनी दिलेलं भस्म झालं. मग एकदा चन्नम्मा भावाकडं आली, कपाटामागं डोकावली आणि तिनं पदर तोंडाला लावला. असलं घरात असताना आपण इतकी लिंबं नासवली, याचं तिला वाईट वाटलं. वडापच्या जीपमध्ये लोकांनी ते तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवायला लावलं. माकणी येईपर्यंत मागची एकही गाडी पुढं गेली नाही, असं म्हणतात.

“आत्या, हे नजरेचं नाही,” विरेश म्हणाला. “हे चित्र आहे.”

“मंग? चित्र हाय म्हणूनच टांगलं. दगड असता तर शेंदूर लावला असता.”

विरेशनं तिला प्रदर्शनाचं सांगितलं. बँकेचं सांगितलं. बँकेचं तिला कळलं. ती जरा वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“ने,” ती म्हणाली. “पण ही धार हुईस्तोवर तू हुबा ऱ्हा तितं. तोंड तुजंच हाय न्हवं?”

विरेशनं चित्र खांबाला पालथं टेकवलं आणि तो गव्हाणीमागं भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आठ महिने जे तोंड आरशात केलं होतं ते त्यानं केलं. म्हशीनं त्याच्याकडं पाहिलं आणि रवंथ सुरू केला.

“नव्या जावयागत दिसायलाय,” आत्याचे यजमान कल्याणप्पा बाजेवरून म्हणाले.

इरम्मा गडग्यापलीकडं दगडावर चढून बघत होती. तिची हनुवटी तेवढी गडग्यावर होती.

“खालच्या ओठाचं चुकतंय,” ती म्हणाली. “म्या रोज बगते की. चित्रातला उजवीकडं सरकलाय. लई न्हाय, ज्वारीच्या दाण्याएवढा. ह्याचा सरळच हाय.”

कल्याणप्पांच्या मते दोष डाव्या भुवईत होता. इरम्माचं म्हणणं, भुवई तशी सावलीनं दिसते, सकाळी येऊन बघा. कल्याणप्पा म्हणाले, सकाळी तर उजवा गालसुद्धा बदलतो. त्यावर बराच वेळ बोलणं झालं. विरेशनं हळूच चित्र उलटवून पाहिलं. ओठ ज्वारीच्या दाण्याएवढा उजवीकडं होता. हे त्याला आठ महिन्यांत दिसलं नव्हतं. पुण्यात लोक एका चित्रापुढं चार सेकंद थांबतात, त्यातले दोन नाव वाचण्यात जातात.

तो पुन्हा भिंतीला जाऊन उभा राहिला. पण तोंड आता त्याच्या ताब्यात नव्हतं.

“गेलं,” इरम्मा म्हणाली. “आता न्हाय जमायचं त्याला.”

सहाला वीस मिनिटं होती. गॅलरीतल्या मॅडमचा मेसेज आला : भूमिका? विरेशनं डोळ्यांपुढं होतं ते टाइप केलं. ‘चित्र टांगलं की म्हैस दूध देते. काढलं की देत नाही. कारण माहीत नाही.’ आणि पाठवून दिलं.

पाचच मिनिटांत फोन वाजला. आत्यानं खुणेनंच स्पीकर चालू करायला लावला.

“विरेश, आम्ही सगळ्यांनी वाचलं,” मॅडम म्हणाल्या. “एक करू या. चित्र पाठवू नका.”

“म्हणजे?”

“रिकामी भिंत. तिच्यावर फक्त ही तीन वाक्यं. चित्राचं नसणं हेच चित्र. कळतंय ना तुम्हाला, तुम्ही काय केलंय ते?”

विरेश हो म्हणाला. फोन बंद झाला.

“तोंड न्हायच लावायचं म्हनं?” चन्नम्मानं विचारलं.

“नाही.”

“नुसती भिंत दावणार? लोकास्नी?”

“व्हय.”

चन्नम्मानं त्याच्या हातातल्या मोबाइलकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिचा खालचा ओठ उजवीकडं सरकला, लई नाही. गडग्यावरची इरम्माची हनुवटी खाली गेली. कल्याणप्पा बाजेवरून उठून बसले. म्हशीनं रवंथ थांबवला, मान वळवून चन्नम्माकडं पाहिलं, आणि पान्हा सोडला.

चन्नम्मा धारेला बसली. चरवी भरत राहिली.

विरेश चित्र घेऊन गोठ्याच्या मधोमध उभा होता. पुण्याला ते नको होतं. म्हशीलाही आता नको होतं. एकदा त्यानं चित्राकडं पाहिलं, एकदा आत्याकडं, आणि मग दोन्हीकडं बघायचं टाळलं.

“हुबा काय ऱ्हायलास?” धार न थांबवता चन्नम्मा म्हणाली. “टांग की परत.”

“आता कशाला? तुमचं काम झालं की.”

“झालं,” ती म्हणाली. “पर भिंत ओकी ओकी दिसायलीय.”