मुका बझर

हिरवा पडला. बारकीनं गाडी पांढऱ्या पट्टीच्या पुढे काढली, चौकाच्या मधोमध आणली, उजवा इंडिकेटर टिकटिकतोय, चाकं सरळ आहेत, आता समोरच्या गाड्यांची रांग संपेपर्यंत इथं थांब

बझ्झ्झ्झ.

गाडी गचका खाऊन उभी राहिली. सिमेंटची एक भलीमोठी गाडी बॉनेटपासून हातभर अंतरावरून गुरकावत निघून गेली.

"हा आवाज कसला?" बारकीनं विचारलं.

शेजारी बसलेल्या परीक्षकबाईंचा पाय अजून त्यांच्या बाजूच्या ब्रेकवरच होता. "माझ्या ब्रेकचा. या सीटवरून कुणी पेडल दाबलं की वाजतो. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे ना ही? मग रोज वाजत असेल की."

"कधीच वाजला नाही."

"कमाल आहे," बाई म्हणाल्या आणि फॉर्मवर फुली मारली. "समोर बघा आता. संपली रांग. वळा."

ती वळली. पण परीक्षा मागे चौकातच राहिली होती.

*

बारकीची वही, पहिला आठवडा. शब्द दादाचे, अक्षर तिचं:

उजवीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या वाटेत शिरायचं. म्हणून आधी मान त्यांचा. आरसा, इंडिकेटर, मग उजवी लेन. हिरवा दिवा वळायला सांगत नाही, मध्यापर्यंत जाऊन थांबायला सांगतो. थांबताना चाकं सरळ. वाकडी ठेवली आणि मागून कुणी ठोकलं तर आपण थेट समोरच्यांच्या अंगावर. कुणी दिवे मिचकावून "या, या" केलं तरी भुलायचं नाही. त्याच्या आडून कोण येतंय ते त्याला तरी कुठं दिसतंय?

खाली लाल शाईत: दादा म्हणाला, शाब्बास! तुझा पाय जन्मजात ड्रायव्हरचा आहे.

*

बारकी छत्तीस वर्षांची होती, पण घरात शेंडेफळ म्हणून बारकी, आणि दादाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली अकरा वर्षं टेबलामागे बसून फोन घ्यायची, फॉर्म भरायची, तासांचा फळा लिहायची, तिथंही बारकीच. त्याआधी ती प्रयोगशाळेचा कोर्स पुरा करून बसली होती. मग वडील अंथरुणाला खिळले, ते गेल्यावर आईचे गुडघे गेले, आणि "तोवर बस माझ्याकडे" असं दादा म्हणाला. ते तोवर काही संपलं नाही.

यंदा तिनं कुणाला न विचारता अर्ज टाकला. तीन तासांवरच्या गावातलं हॉस्पिटल. घरोघरी जाऊन आजारी माणसांचं रक्त तपासणीला घ्यायचं. गाडी हॉस्पिटलची, राहायला खोली. अट एकच: पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हातात लायसन्स हवं.

पत्र तिनं दादाला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ वाचत राहिला. पत्र चार ओळींचं होतं. मग म्हणाला, "बाहेर कुणाकडे कशाला शिकतेस? मी मेलोय का? सकाळी साडेसहाचा पहिला तास तुझा."

तिला तेव्हा रडूच आलं होतं.

*

वही, तिसरा आठवडा:

आज मोठ्या चौकात सहा वेळा उजवीकडे. सहाच्या सहा बरोबर. गंमत म्हणजे मी ठरवायच्या आत पाय ब्रेकवर जातो आणि ब्रेक अलगद खाली जातो. दादा म्हणतो, यालाच हात बसणं म्हणतात. मी म्हटलं, पाय बसणं म्हण.

*

ब्रेक अलगद खाली जातो, हे तिनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं.

दादाच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच आहेत, हे काय तिला ठाऊक नव्हतं? अकरा वर्षं बघत होती. पण दोन्हीकडची पेडलं आतून तारेनं बांधलेली असतात, तिकडचं दाबलं की इकडचं आपोआप खाली जातं, हे टेबलामागे बसून कसं कळणार? तिचा पाय नुसता वर टेकलेला असायचा. बैलगाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटावं तसं तिला वाटायचं, की ओढतोय आपणच.

आणि बझर? तोही तिनं ऐकला होता, पण लोकांच्या तोंडून. तास संपवून आलेले विद्यार्थी तिच्या टेबलापाशी कपाळाचा घाम पुसत म्हणायचे, "ताई, तुमच्या दादांना सांगा हो, तो बझर काढा. जीव नकोसा केलाय." ती समजायची, सीटबेल्ट न लावल्याचा काहीतरी आवाज असेल. उलट हसून सांगायची, "नीट चालवा म्हणजे नाही वाजायचा. माझ्या तासाला कधी वाजत नाही."

आठवून तिचे कान तापले.

शिवाय टेप होती. ऑफिसचं सामान तीच मागवायची. या दीड महिन्यात निळ्या चिकटटेपची दोन रिळं संपली होती. "टेप खातोस काय रे?" तिनं विचारलं होतं. दादा म्हणाला, "गाडी म्हातारी झाली की तिलाही पट्ट्या लागतात, आईसारख्या." दोघं हसली होती. तिनं तिसरं रीळ मागवलं होतं.

*

परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर दादा उभा होता. हातात दोन कागदी कप, चेहरा आधीच पडलेला. बारकीच्या लक्षात आलं ते हेच. तिनं अजून काही सांगितलंच नव्हतं.

"होतं गं पहिल्या खेपेला. घे, चहा घे."

ती चहा न घेता गाडीकडे वळली, त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि खाली वाकली. पेडलच्या मागं, वायरींच्या गुंत्यात, बझरची वायर नुकतीच नव्यानं जोडलेली होती. बाजूला निळ्या टेपचे कपटे. आणि वायरीवर टेप लावून, काढून, पुन्हा लावून साचलेला चिकट काळा थर, नखानं खरवडला तरी निघेना असा.

"रोज सकाळी तोडायचास?"

दादानं कप गाडीच्या टपावर ठेवले.

"माझ्या तासाआधी तोडायची आणि मग बाकीच्या सात जणांसाठी परत जोडायची. रोज. किती वाजता यायचास त्यासाठी?"

"सहाला," दादा म्हणाला. मग घाईघाईनं, "अगं, तू घाबरतेस. ऐन चौकात तो कोकलला असता तर स्टिअरिंग सोडून पळाली असतीस. धीर यावा म्हणून..."

"धीर यायला पहिला आठवडा ठीक होता. सहा आठवडे?"

"बारके..."

"आणि आज का जोडलीस?"

"परीक्षेला चालू असावाच लागतो. नियम आहे."

"म्हणजे आज मी पहिल्यांदा एकटी चालवणार, हे तुला माहीत होतं. माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत असतं का रे नेहमी?"

 तो बोलला तेव्हा आवाज अगदी नेहमीचा होता, तासाचा फळा वाचून दाखवावा तसा.

"मला तुला नाही म्हणायचं नव्हतं. दोनतीनदा नापास झाली असतीस, तारीख उलटली असती. आपणहून थांबली असतीस. कुणीच वाईट झालं नसतं."

बारकीनं खाली पडलेला टेपचा एक कपटा उचलला.

"आईलाही तसंच वाटतं," तो म्हणाला. "बोललो होतो मी तिच्याशी."

*

एक जुनी गोष्ट, इथंच सांगायला हवी.

ती आठ वर्षांची असताना दादानं तिला सायकल शिकवली. मागून सीट धरून पळायचा. "धरलंय, धरलंय, तू मार पेडल," ओरडायचा. एका दुपारी तिनं मागं वळून पाहिलं तर तो केव्हाच लांब, रस्त्याच्या टोकाला, कमरेवर हात ठेवून हसत उभा. म्हणजे तिची तीच चालवत होती. ती पडली, गुडघा फुटला, आणि त्या थापेचा तिला इतका आनंद झाला की ती वर्षानुवर्षं येईल त्याला सांगत राहिली.

तेव्हा सोडून दिलं होतं आणि सांगितलं धरलंय म्हणून.

आता आठवताना तिला धड आनंदही होईना.

*

"बस," बारकी म्हणाली.

"घरी जाऊ या. आई वाट..."

"बस गाडीत. बूट काढ. मांडी घाल."

"सीटवर?"

"सीटवर. पाय खाली दिसला तर तिथंच उतरेन."

दादाचं वजन ऐंशीच्या पुढचं. मांडी घालताना त्याचा गुडघा दाराला अडकला, पोट पुढच्या कप्प्याला टेकलं, एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक. एरवी बारकी हसून लोळली असती. टपावरचे कप तसेच होते. गाडी निघाली तशी ते मागं सांडले.

तोच चौक. आरसा, इंडिकेटर, उजवी लेन. लाल होता, थांबली. हिरवा पडला. पट्टीच्या पुढे, मध्यापर्यंत, आणि आता

आता ब्रेक आपोआप खाली गेला नाही. वीतभर जास्तच पुढे सरकली तेव्हा तिनं तो स्वतः दाबला, नको इतका जोरात. दोघांची डोकी पुढे आपटायची राहिली. मागचा रिक्षावाला शिव्या द्यायला लागला. पेडल केवढं कडक होतं! दीड महिन्यात हे तिला पहिल्यांदा कळत होतं.

चाकं सरळ. समोरून एक, दोन, तीन गाड्या. मग एक ट्रक हळू झाला, थांबला. ट्रकवाल्यानं दिवे मिचकावले.

"जा," दादा म्हणाला. "वाट देतोय तो. जा ना!"

बारकी हलली नाही.

"बारके, मागं रांग लागलीय, जा म्हणतो ना मी..."

ट्रकच्या आडून एक मोटारसायकल सणसणत आली आणि त्यांच्या बंपरसमोरून निघून गेली. दादाचे दोन्ही पाय मांडीतून सुटून खाली आपटले. सवयीनं. पण पेडल त्याच्या आधीच तळाला होतं, तिच्या पायाखाली. बझर वाजला, उशिरा, उगाचच.

दिवा पिवळा झाला, लाल झाला. समोरची रांग थांबली. तिनं उजवीकडच्या रस्त्यावर पायी ओलांडणारं कुणी नाही ना ते पाहिलं आणि गाडी सावकाश वळवून घेतली.

"शाब्बास," दादा म्हणाला.  तो मनापासून म्हणाला होता, हे कुणालाही कळलं असतं.

बारकीला कळलं नाही. लाल शाईतल्या सगळ्या शाब्बासक्या तिला एकदम आठवल्या, आणि त्यांच्यात ही नवी कुठली, खरी कुठली, हे तिला आता ओळखता येईना. तिनं दादाच्या पायांकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं.

पुढच्या वळणाआधी तिनं गाडी कडेला लावली, इंजिन बंद केलं, चावी त्याच्या मांडीवर ठेवली. पर्समधून ऑफिसची चावी काढून तीही ठेवली.

"एवढ्यावरून? अगं, नऊ दिवसांनी परत तारीख मिळते, मी शिकवतो ना नीट..."

ती उतरली. दार आपटलं नाही, लावलं.

रस्त्यापलीकडे, दोन दुकानं सोडून, दुसऱ्या एका ड्रायव्हिंग स्कूलची पाटी होती. बारकी रस्ता ओलांडून आत गेली. तिथल्या टेबलामागे चष्मा डोक्यावर चढवलेली एक बाई फळ्यावर तास लिहीत होती. तिनं न वळताच विचारलं, "बोला, अगदी पहिल्यापासून शिकायचंय?"

"हो, पहिल्यापासून. नऊ दिवस आहेत," बारकी म्हणाली. "तुमच्या गाडीतला बझर वाजतो ना?"

"वाजतो की. लोकांनी डोकं खाल्लंय माझं त्या बझरवरून."

"मग लिहा नाव."