नग पाच, परत चार

चौक बाजारातल्या त्या सराफाच्या दुकानाची पायरी मंजूषा अगदी ताठ मानेनं चढली. आता म्हणते, पाय मोडला असता तर बरं झालं असतं. पण तेव्हा कसले पाय मोडताहेत! मागून तिची नणंद पल्लवी येत होती, घामाघूम. अशोका गार्डनच्या आपल्या घरून दोन ऑटो बदलून आली होती बिचारी.

सासूबाईंना जाऊन दीड महिना झाला होता. दागिन्यांत म्हणावं असं एकच मागं राहिलं होतं, त्यांचा तन्मणी. मोत्यांचे सर आणि मधे सोन्याचं खोड, त्यात सात माणकं. लेक एक, सून एक, तन्मणीही एकच. मंजूषा नवऱ्याला म्हणाली, "आधी पारखून आणू, मग कुणी घ्यायचा ते ठरवू." विजयनं मान हलवली. तो सगळ्यालाच मान हलवतो. पल्लवीला फोन केला, तर तीही सरळ मनानं हो म्हणाली.

मंजूषाच्या मनात मात्र काळंबेरं होतं. सासूबाईंच्या उशाखाली तिला एक छोटी डायरी सापडली होती. दूध किती, गोळ्या कुठल्या, कुणाचा फोन आला, असलंच सगळं. शेवटच्या पानावर थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: "पल्लवीने नग ५ नेले. परत आले ४. एक राहिला."

आता मंजूषा पडली ग्वाल्हेरची. माहेरचं घर सराफ्याला लागून. तिकडे नग म्हणजे अंगठीत जडवतात तो खडा. तिच्या मनात पाल चुकचुकली. कपाट उघडून तन्मणी पाहिला, तर खरंच सातांतलं एक माणिक काळपट, मिणमिणतं. झालं! पाच खडे काढून नेले, चार परत बसवले, पाचव्याच्या जागी काच. आणि मग एकेक आठवायला लागलं. शेवटचं वर्षभर पल्लवी दर बुधवारी, शनिवारी हबीबगंजला यांच्या घरी यायची. येताना चपटी पिशवी, जाताना फुगलेली. आईच्या खोलीचं दार पाच मिनिटं आतून लावून घ्यायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही वहिनी, आईचं जरा आवरत होते." आवरत होती म्हणे! मंजूषाला त्या दीड महिन्यात रात्री झोप लागली नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडी मजाही होती. आपण खरे आणि समोरचा चोर, याची मजा.

दुकानात केशवदासजी बसले होते. सत्तरीचे, डोळ्याला भिंग लावून दागिना पारखणारे. त्यांनी तन्मणी मखमलीवर ठेवला आणि विचारलं, "बहनजी, जाँच किसलिए? बीमा है या बँटवारा?"

"यह देखिए कि इसमें कौन-सा नग बदला गया है," मंजूषा म्हणाली. चांगलं मोठ्यानं. शेजारी बांगड्या बघणाऱ्या दोघी बायकांनी वळून पाहिलं.

पल्लवी गोंधळली. "बदललाय? कुणी बदलला, वहिनी?"

"ते तूच सांग." मंजूषानं पर्समधून डायरी काढून तिच्यासमोर आपटली. "तुझ्याच आईचं अक्षर आहे. वाच. मी नाही म्हणत, त्या म्हणताहेत."

पल्लवीनं वाचलं. तिचा चेहरा पार उतरला. डायरी मिटून तिनं हळूच काउंटरवर ठेवली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मंजूषाला वाटलं, सापडली! सापडलेला माणूसच असा गप्प बसतो.

केशवदासजी वर न बघता काम करत राहिले. एकेक माणिक भिंगाखाली घेतलं, खालून छोटी बॅटरी लावली, खड्याभोवतीची सोन्याची कड सुईच्या टोकानं चाचपली. मग साबणाच्या पाण्यात बुडवलेला मऊ ब्रश त्या काळपट माणकावरून चार वेळा फिरवला, फडक्यानं पुसलं. माणिक डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं.

"सातों नग असली हैं," ते म्हणाले. "एक ही कारीगर का काम है, जब से बना है तब से खुला ही नहीं। इस पर तो बस तेल और मैल जमा था।"

अहो, एवढ्यावर तरी बाईनं थांबावं की नाही? शोभा झाली तेवढी पुरे म्हणून चप्पल घालावी? पण नाही. आपण चुकलो हे कळायला लागलं की माणूस जास्तच ओरडतो. "मग हे पाच नग कसले?" मंजूषा म्हणाली. "आईंनी काय उगाच लिहिलं?"

"बाहेर चला, वहिनी. सांगते."

"बाहेर कशाला? इथेच सांग. सगळ्यांना कळू दे."

पल्लवीनं एकदा त्या दोन बायकांकडे पाहिलं, एकदा केशवदासजींकडे. मग मान खाली घालून अगदी हळू म्हणाली, "चादरी."

"काय?"

"चादरी, वहिनी. आईला रात्री कळायचं नाही. अंथरूण ओलं व्हायचं. मी धुवायला न्यायचे."

केशवदासजींना मराठी येत नसेल, पण चादर कळते, आणि पुढचं बाईच्या चेहऱ्यावरून कळतं. ते उठून आत पाणी आणायला गेले. मंजूषा तशीच उभी राहिली. सासूबाई साताऱ्याच्या. पंचवीस वर्षं त्या धोब्याकडचे कपडे मोजून घेताना म्हणायच्या, "बारा नग दिले होते, अकराच आलेत." हे हिनं ऐकलं नव्हतं? शंभरदा ऐकलं होतं. पण डोक्यात चोर भरला होता, तिथे धोबी कुठून आठवणार!

आणि मग जे आठवू नये तेच आठवलं. गेल्या वर्षीची एक सकाळ. सासूबाईंची चादर ओली निघाली होती. मंजूषानं ती दोन बोटांनी उचलली, मशीनमध्ये टाकली, आणि खोलीच्या दारातच उभी राहून बहिणीला फोनवर म्हणाली, "घरात नुसता वास भरलाय गं, कुणाला बोलवायची सोय राहिली नाही." आत सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. झोपल्यात असं हिनं धरून चाललं. त्यानंतर चादर कधी ओली सापडली नाही. मंजूषा सगळ्यांना कौतुकानं सांगायची, "डॉक्टरांची गोळी बघा कशी लागू पडली!"

परतताना दोघी एकाच ऑटोत बसल्या. शरमेनं मंजूषाला मान वर करवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तन्मणी मांडीवरच्या पर्समध्ये होता आणि पर्स उघडायची तिला हिंमत नव्हती. शेवटी ती म्हणाली, "पल्लवी, चुकलं माझं. माफ कर मला."

पल्लवी रस्त्याकडे बघत होती. "माझी माफी कशाला मागताय, वहिनी? मला तुमच्यासमोर लाज कधी वाटली नाही. आईला वाटायची." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "ओल्या चादरी थैलीत बांधून कपाटात लपवून ठेवायची. वहिनीला कळू देऊ नकोस म्हणून मला शपथ घातली होती. ती आज मोडली मी. भर दुकानात."

मंजूषानं तिचा हात धरायला हात पुढे केला आणि मधेच मागं घेतला.

पुढच्या बुधवारी बेल वाजली. दारात पल्लवी, हातात तीच पिशवी. या खेपेला ती फुगून परत जाणार नव्हती. तिनं घडी केलेली, इस्त्रीची निळ्या फुलांची चादर काढून मंजूषाच्या हातात दिली.

"राहिलेला पाचवा नग. आई गेली त्या आठवड्यात द्यायचा राहून गेला. तुमच्या सेटमधली आहे ना, म्हणून आईला घोर लागला होता. सारखी म्हणायची, एक कमी दिसली तर मंजूषाला कळेल."

मंजूषानं तन्मण्याची डबी आणून तिच्यापुढे धरली. "हा तू घे. तुझा आहे."

"राहू दे, वहिनी," पल्लवी म्हणाली. तिनं डबीला हातही लावला नाही. पिशवी झटकून घडी केली, काखेत धरली आणि जिना उतरून गेली. तिला यायला आता ना बुधवार उरला होता, ना शनिवार.

मंजूषा चादर घेऊन सासूबाईंच्या रिकाम्या पलंगावर बसली. मग तिनं चादर नाकाशी धरली. वास कसलाच नव्हता.