बाराशे साठच्या खाली नाही

आमच्या घरात खर्च करणं हा गुन्हा होता. मे महिन्यात तो कायदेशीर झाला.

झालं असं. मी जळगावला नोकरीला आहे, घर अमळनेरला. बँकेने मला क्रेडिट कार्ड दिलं आणि सोबत एक ऑफर पाठवली. एकतीस मे संध्याकाळी सहापर्यंत साठ हजारांचा खर्च करा आणि जळगाव ते पुणे विमानाचं एक तिकीट फुकट मिळवा. अट एकच. खर्च दुकानातल्या मशिनवर कार्ड लावूनच झाला पाहिजे. मोबाइलवरून केलेला धरणार नाहीत.

मी हे जेवताना सहज वाचून दाखवलं. आईने हातातली भाकरी खाली ठेवली.

शेजारच्या धुरपदाबाई मागच्या दिवाळीत विमानाने पुण्याला जाऊन आल्या होत्या. तेव्हापासून आईला रोज ढग वरून कसे दिसतात ते ऐकावं लागत होतं. धुण्याच्या दगडावर, भाजीच्या गाडीवर, एकदा तर एका अंत्ययात्रेतही. आमची पुनमताई पुण्यालाच असते.

"एकच तिकीट शे?" आईने विचारलं.

"एकच. आणि फक्त जायचं."

"येताना एसटी शे ना," आई म्हणाली. विषय संपला.

आमचा महिन्याचा खर्च चौदा हजार. म्हणजे शेहेचाळीस हजार रुपये कुठून तरी उधळायचे होते, आणि घरातल्या कुणालाच त्याचा अनुभव नव्हता.

पहिल्या आठवड्यात आम्ही वर्षाची मिरची, हळद, तेल, डाळी भरून टाकल्या. हिंग इतका घेतला की माझ्या नातवांची फोडणी होईल. आकडा तरीही तीस हजारांच्या पुढे सरकेना. मग आईने गल्लीत निरोप फिरवला : ज्याला काही घ्यायचं असेल त्याने कुंदनचं, म्हणजे माझं, कार्ड वापरावं आणि रोख रक्कम आमच्याकडे आणून द्यावी. लोक आले. कुणी पंखा घेतला, कुणी सायकल, कुणी चष्मा. मी शनिवार-रविवार नवरदेवासारखा दुकानादुकानांत फिरत होतो. लोक मला पुढे करायचे, मी कार्ड लावायचो, चहा प्यायचो. गल्लीतले प्रकाशकाका बाथरूम बांधत होते. त्यांच्या फरशीचा अंदाज एकवीस हजार. आम्ही ते एकवीस हजार मनात धरूनच बसलो होतो.

फरशी आणायला आबा काकांबरोबर गेले. आबा म्हणजे माझे वडील, जीवराम पाटील. संध्याकाळी ते छाती पुढे काढून घरी आले.

"एकवीसचे साडेसतरावर आणले," ते म्हणाले.

आईने पदर डोळ्यांना लावला.

"साडेतीन हजार वाचवले ना मी."

"साडेतीन हजार बुडवले तुम्ही," आई म्हणाली. "मन्ही एक पाख कापी टाकी विमाननी."

त्या दिवसापासून आबांना घासाघीस करायला बंदी झाली. माणूस पार उतरला. तीस वर्षं अमळनेरच्या बाजारात त्यांनी एकही वस्तू सांगितल्या भावाने घेतली नव्हती. आता ते दुकानात तोंडात सुपारी धरून उभे राहायचे, बोलून जाऊ नये म्हणून.

एकतीस तारखेला मी रजा टाकली. दुपारी बारा वाजता आकडा आला : साठ हजार तीनशे नव्वद. आईने देवापुढे साखर ठेवली. आबांनी सुपारी थुंकली. धुरपदाबाईंना मुद्दाम चहाला बोलावण्यात आलं आणि ढगांविषयी त्यांचं मत प्रथमच आपणहून विचारण्यात आलं.

पाच वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. परतावा, एक हजार सहाशे पन्नास.

"आई, साडी परत केलीस का?"

विमानात नेसायला म्हणून आईने मागच्या आठवड्यात साडी घेतली होती.

"हो तर. सकाळीच. तशीच साडी शेजारच्या दुकानात अडीचशेनं स्वस्त होती. रोख दिले तर आणखी पन्नास कमी केले त्याने." आई खुशीत सांगत होती आणि सांगता सांगताच तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "ते पैसे वजा होतस का?"

"होतात. आता बाराशे साठ कमी आहेत. चाळीस मिनिटं आहेत."

आई मटकन खाली बसली. आबा मात्र उठले. टोपी चढवली.

"चला," म्हणाले.

मशीन असलेलं सगळ्यात जवळचं दुकान प्रेमराजभाऊंचं, भांड्यांचं. आम्ही तिघं पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. आबांनी समोरचा कुकर उचलला. चिठ्ठीवर किंमत तेराशे चाळीस.

"हा दे. तेराशे चाळीस."

प्रेमराजभाऊंनी गल्ल्यावरून मान वर केली. आबांकडे पाहिलं. मग नोकराला म्हणाले, "खुर्ची आण. आबांना पाणी दे."

"पाणी नको. पैसे घे."

"आबा, तब्येत बरी शे ना?"

"बठ्ठं बरं शे. चिठ्ठीवर आहे ते घे."

"तुमच्याकडून चिठ्ठीचा भाव घेऊ? बाजारात तोंड दाखवायचंय मला. अकराशे द्या."

मी मधे पडलो, विमानाचं सांगितलं. प्रेमराजभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा एका शब्दावरही विश्वास बसला नाही.

"आबा, हा काहीतरी नवीन डाव दिसतोय तुमचा," ते म्हणाले. "मी आपणच उतरतो. हजार. यापेक्षा खाली परवडत नाही."

"अरे खाली कोण म्हणतंय तुला? बाराशे साठ. त्याच्या खाली मी एक रुपया देणार नाही."

"आणि मी हजाराच्या वर घेणार नाही."

"आणखी एखादं पातेलं घेऊ," मी म्हणालो.

"घरात सहा पातेली शेतस," आई म्हणाली. "उगीच कशाला पैसा घालवायचा?"

तोवर दुकानासमोर वीसेक माणसं जमली होती. शेजारचा टेलर गळ्यात टेप घेऊन आला. कुणीतरी म्हणालं, जीवरामआबा भाव वाढवताहेत, आणि आणखी वीस माणसं धावत आली. हजारावरून चढत चढत साडेअकराशेवर प्रेमराजभाऊ अडले. पावणेसहा. सहाला सात मिनिटं कमी. सहा मिनिटं कमी. आईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की हाताला मुंग्या आल्या.

आबांनी कुकर खाली ठेवला. "राहू दे मग," म्हणाले, आणि पाठ फिरवून चालू लागले. ओटा उतरले. पहिली पायरी, दुसरी. गर्दीने वाट करून दिली. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या पायरीवर मागून आवाज आला.

"बरं, या आबा. बाराशे साठ. पण बाहेर कुणाला सांगू नका."

बाहेर चाळीस माणसं उभी होती.

मी कार्ड लावलं. मशीन विचार करत राहिलं. टेलरने हात जोडले होते. मग कागद सरसरत बाहेर आला आणि पाठोपाठ माझा फोन थरथरला : अभिनंदन, आपण पात्र ठरला आहात. पाच वाजून सत्तावन्न मिनिटं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शिट्टी मारली. आबा कपाळावरचा घाम पुसत होते, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा जास्तीचे पैसे मोजून ते जिंकल्यासारखे दिसत होते.

आईने कुकर कडेवर घेतला आणि माझ्या कानाशी आली.

"कुंदन," ती हळूच म्हणाली, "माले खिडकीनी जागा भेटी का?"